टीडीएस नव्हे, हार्डनेस मोजा: पुण्यातलं जड पाणी आणि घरातली यंत्रं

पुण्यात एकाच नळाला तीन पाणी येतात. सकाळी कॉर्पोरेशनचं, दुपारी बोअरचं, आणि एप्रिल-मे आला की टँकरचं. तिन्ही सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत एकत्र होतात, पंपाने गच्चीवर चढतात आणि तिथून घरात उतरतात. त्यामुळे "आमच्याकडे पाणी कसं आहे?" याला एक ठरलेलं उत्तर नसतं. पण गिझरची कॉइल दर वर्षी जळत असेल, शॉवरची भोकं बुजत असतील, वॉशिंग मशीनमधून टॉवेल खरखरीत निघत असतील, तर उत्तर शोधणं भाग आहे. बहुतेक घरांत इथेच पहिली चूक होते. टीडीएस मीटर पाण्यात बुडवायचा, आकडा वाचायचा आणि त्यावरून यंत्र विकत घ्यायचं.

टीडीएस मीटर पाण्याची वीजवाहकता मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा अंदाज सांगतो. त्यातलं कॅल्शियम किती, मॅग्नेशियम किती आणि साधं मीठ किती, हे त्याला कळत नाही. कॉइलवर पांढरा थर धरतो तो मुख्यतः कॅल्शियमचा, थोडा मॅग्नेशियमचा. टीडीएस ६०० (आकडे मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये, पुढे हार्डनेसचेही तसेच) असलेल्या पाण्यात मिठाचा भाग मोठा असेल तर ते चवीला मचूळ लागेल, पण गिझरला फारसा त्रास देणार नाही. उलट टीडीएस ४०० असलेलं पाणी बहुतांशी कॅल्शियम बायकार्बोनेटचं असेल, तर तेच कॉइल खाईल. आपल्याला हवा तो आकडा म्हणजे हार्डनेस. शाळेच्या पुस्तकात ज्याला 'दुष्फेन पाणी' म्हटलं होतं, तोच हा गुण.

खडकवासल्याचं पाणी मऊ असतं. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या धरणांत साठतं ते सह्याद्रीच्या उतारांवरून वाहत आलेलं पावसाचं पाणी, त्याला खडकात मुरायला वेळच मिळालेला नसतो. बोअरच्या पाण्याला मात्र भरपूर वेळ मिळतो. मातीतून झिरपताना पाणी कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि आपल्या काळ्या बेसॉल्टमधलं कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत खाली जातं. तापवलं की हा व्यवहार उलटा होतो. कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट घट्ट होऊन, जिथे उष्णता सगळ्यात जास्त तिथे बसतं. शहर २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पोटात घेऊन वाढलं, आणि उंड्री, पिसोळी, वाघोली अशा भागांतल्या कितीतरी सोसायट्यांचं रोजचं पाणी आजही बोअर आणि टँकरवर चालतं. टँकरही बहुधा कुठल्यातरी विहिरीवर किंवा बोअरवरच भरलेला असतो.

हार्डनेस मोजायचा कसा

थेंब मोजण्याचा हार्डनेस किट प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळतो. कागदी पट्ट्याही मिळतात, पण त्यांचा अंदाज ढोबळ असतो. किट घेतलेला बरा. बाटलीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, बफरचे थेंब टाकायचे, इंडिकेटर टाकायचा. पाणी जड असेल तर रंग वाइनसारखा लाल होतो. मग टायट्रंट, म्हणजे किटमधलं मोजायचं द्रावण, एकेक थेंब टाकत बाटली हलवायची. लाल जाऊन जांभळा येतो, तिथे थांबायचं नाही, स्वच्छ निळा झाला की थांबायचं. जितके थेंब लागले त्यांना किटवर दिलेल्या आकड्याने गुणायचं. थेंब फारच लागत असतील तर एक भाग पाणी आणि एक भाग डिस्टिल्ड वॉटर घेऊन उत्तर दुप्पट करायचं. या कामाला आरओचं पाणी वापरू नका, त्यात थोडा हार्डनेस उरलेला असतो.

त्याच किटने आणखी एक उपयोगी गोष्ट कळते. एक लिटर पाणी दहा मिनिटं उकळा, गार करा, आटलं तेवढं डिस्टिल्ड वॉटर घालून पुन्हा एक लिटर करा, सुती कापडातून किंवा फिल्टर पेपरमधून गाळा आणि परत मोजा. जितका आकडा उतरला तो साधारणपणे तात्पुरता हार्डनेस, म्हणजे तापल्यावर थर धरणारा. जो उरला तो कायमचा. तो साबण खातो, पण कॉइलवर तितका बसत नाही. गिझरसाठी पहिला आकडा महत्त्वाचा, कपड्यांसाठी दोन्ही.

नमुना कुठून घेता यालाही महत्त्व आहे. काही इमारतींत स्वयंपाकघरातला एक नळ थेट कॉर्पोरेशनच्या लाईनवर असतो. तिथलं पाणी मोजून बाथरूमच्या गिझरबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. बाथरूमच्या नळाचं पाणी घ्या, टँकर पडलेल्या दिवशी एकदा आणि न पडलेल्या दिवशी एकदा. हिशोब साध्या सरासरीचा आहे: ४० हार्डनेसचं कॉर्पोरेशनचं आणि ५०० चं टँकरचं पाणी निम्मं-निम्मं मिसळलं तर २७०.

पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात हार्डनेसची स्वीकारार्ह मर्यादा २०० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. ही मर्यादा माणसाने प्यायच्या पाण्याची. यंत्रांचं गणित वेगळं. १०० च्या आत काही करायची गरज नाही. १०० ते २०० मध्ये वेळच्या वेळी सफाई पुरते. ३०० च्या वर पाणी आणि ७० अंशांवर लावलेला गिझर, ही जोडी टिकत नाही.

गिझर

हिशोब करून पाहा. हार्डनेस ४०० आणि रोज ६० लिटर पाणी गिझरमधून जात असेल, तर रोज २४ ग्रॅम, वर्षाला पावणेनऊ किलो क्षार त्यातून वाहतात. बहुतेक पाण्याबरोबर बाहेर पडतात. दहावा हिस्सा जरी आत राहिला तरी पाऊण किलोहून जास्त झाला.

थरामुळे विजेचं बिल खूप वाढतं, असं सर्रास सांगितलं जातं. स्टोरेज गिझरच्या बाबतीत हे फारसं खरं नाही. कॉइल पाण्यात बुडालेली असते, तिची उष्णता शेवटी पाण्यातच जाते, जायला दुसरी जागाच नसते. १५ लिटर पाणी २२ अंशांवरून ६० वर न्यायला २ किलोवॉटच्या कॉइलला सुमारे २० मिनिटं लागतात, थर असला तरी यात मोठा फरक पडत नाही. नुकसान वेगळीकडे होतं. थराआड अडकलेली कॉइल स्वतः प्रमाणाबाहेर तापते, तिचं बाहेरचं आवरण तडकतं, पाणी आत शिरतं आणि आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पडायला लागतो. थर्मोस्टॅटच्या नळीवरही थर बसतो. मग त्याला टाकीतलं खरं तापमान उशिरा कळतं, पाणी ठरल्यापेक्षा जास्त तापतं आणि कटआउट उडतो. 'तडतड' किंवा उकळल्यासारखा आवाज हे याचंच लक्षण: थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होत असते. गॅस गिझरमध्ये मात्र थराचा थेट तोटा इंधनात होतो, कारण तिथे न शोषलेली उष्णता धुराबरोबर बाहेर जाते.

सेफ्टी व्हॉल्व्हकडे बहुतेकांचं लक्ष नसतं, आणि धोका तिथे सगळ्यात जास्त आहे. १५ लिटर पाणी २२ वरून ६० अंशांवर गेलं की सव्वादोनशे मिलिलिटरच्या आसपास फुगतं. नॉन-रिटर्न असलेल्या व्हॉल्व्हमुळे ते मागे जाऊ शकत नाही, म्हणून थेंब थेंब बाहेर येतं. हे गळणं दोष नव्हे. क्षारांनी हा व्हॉल्व्ह जाम झाला, किंवा कुणी 'गळतो' म्हणून त्याचं तोंड बंद केलं, तर दाब टाकीवर येतो. छोटी लिव्हर असेल तर महिन्यातून एकदा उचलून पाणी सुटतं का पाहा. पाणी गरम असू शकतं, हात बाजूला ठेवा. पाणी सुटलं नाही तर व्हॉल्व्ह बदला, घासून पुन्हा लावू नका.

३०० च्या वर हार्डनेस असेल तर गिझर वर्षातून एकदा उघडायचा. वॉरंटी चालू असेल तर कंपनीच्या माणसाकडून, नसेल तर चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून. पण काय व्हायला हवं हे आपल्याला माहीत असावं. फक्त बटण नव्हे, एमसीबी बंद. थंड पाण्याचा अँगल कॉक बंद, गरम नळ उघडा, टाकी पूर्ण रिकामी. झाकण काढल्यावर वायरींचा फोटो. मग फ्लँजचे, म्हणजे कॉइल बसवलेल्या चकतीचे, नट समोरासमोरचे थोडे थोडे ढिले करत कॉइल, थर्मोस्टॅटची नळी आणि ॲनोड रॉड एकत्र बाहेर.

तळाशी पडलेला चुरा आणि पापुद्रे हाताने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने काढा. काचेचा लेप असलेल्या टाकीत स्क्रू ड्रायव्हर घालून खरवडू नका. लेपाला एक ओरखडा गेला की तिथून गंज सुरू होतो. कॉइलवर हातोडी नको, आवरण चेपतं. त्यासाठी लिंबूसत्त्व, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं सायट्रिक ॲसिड. एक लिटर कोमट पाण्यात १०० ग्रॅम, त्यात कॉइलचा धातूचा भाग दोन-तीन तास. वायरी जोडायची टोकं बुडू द्यायची नाहीत. उकळतं पाणी नको: गरम द्रावणात कॅल्शियम सायट्रेट कमी विरघळतं आणि त्याचाच पांढरा गाळ बसतो. १०० ग्रॅम थर विरघळायला सुमारे १४० ग्रॅम लिंबूसत्त्व लागतं. तेच काम ४ टक्क्यांच्या व्हिनेगरने करायचं तर तीन लिटर लागतं. म्हणून सुटा थर आधी हाताने काढायचा आणि आम्ल चिकटलेल्यापुरतं ठेवायचं.

काही प्लंबर संडास धुवायचं ॲसिड टाकीत ओततात. ते थर झटपट काढतं, हे खरं. पण ते हायड्रोक्लोरिक ॲसिड स्टीलमध्ये आणि वेल्डिंगच्या जोडात छिद्रं पाडतं. गिझर महिना-दोन महिन्यांनी गळायला लागतो तेव्हा कारण कुणाच्या लक्षात येत नाही. स्पष्ट नाही म्हणा. कोणतंही आम्ल ब्लीचिंग पावडरीच्या जवळही आणू नका, क्लोरीन वायू सुटतो. आणि लिंबूसत्त्वाचं पाणीसुद्धा शहाबादी फरशीवर किंवा मार्बलवर सांडू देऊ नका. त्या फरश्याही कॅल्शियम कार्बोनेटच्याच, चकाकी कायमची जाते.

ॲनोड रॉड मॅग्नेशियमचा असतो, टाकीऐवजी स्वतः झिजतो. निम्म्याहून बारीक झाला किंवा आतली तार दिसायला लागली की बदलायचा. आटे आणि लांबी मॉडेलनुसार वेगळी असते, जुना रॉड दुकानात घेऊन जा. रबरी गॅस्केट दर वेळी नवीनच. परत लावल्यावर आधी पाणी भरायचं, गरम नळातून न अडखळता धार येईपर्यंत. मगच एमसीबी. कोरड्या टाकीत कॉइल क्षणात जळते.

वर्षभरासाठी एवढं करा: थर्मोस्टॅट ५५ अंशांवर आणा. ६० च्या वर थर धरण्याचा वेग बराच वाढतो, आणि आंघोळीला तसंही त्यात थंड पाणी मिसळावं लागतं.

आरओ

ज्या घरात फक्त खडकवासल्याचं पाणी येतं तिथे आरओची गरज नाही, गाळणी आणि यूव्ही पुरतं. बोअर किंवा टँकर मिसळत असेल तर प्रश्न येतो, आणि तिथे एका चुकीने मेंब्रेन, म्हणजे आरओमधला क्षार अडवणारा पडदा, वेळेआधी मरतं. वाया जाणारं पाणी डोळ्यांना खुपतं म्हणून रिजेक्टची नळी चिमटली जाते. मेंब्रेन क्षार गाळून टाकत नाही, उरलेल्या पाण्यात घट्ट करतं. आत आलेल्या पाण्यातलं पाव पाणी शुद्ध निघत असेल तर रिजेक्टमधले क्षार सुमारे १.३३ पट होतात, निम्मं काढलं तर दुप्पट आणि पाऊण काढलं तर चौपट. ४०० हार्डनेसचं पाणी १६०० झालं की मेंब्रेनच्या पृष्ठभागावरच थर धरतो. पाणी वाचवायचं तर रिजेक्ट बादलीत साठवून लादी पुसायला, संडासात वापरा. कूलरमध्ये आणि कुंड्यांत नको, क्षार तिथे साठत जातात.

टीडीएस कंट्रोलरचा स्क्रू फिरवून 'चव आणायची' म्हणून कच्चं पाणी मिसळलं जातं. टँकरच्या दिवसांत तो बंद ठेवा, कारण ते पाणी मेंब्रेनमधून गेलेलंच नसतं.

वॉशिंग मशीन आणि बाकी

साबण कॅल्शियमशी संयोग पावून न विरघळणारी साय बनवतो. ती कपड्यांत अडकते, पांढरे कपडे करडे होतात, टॉवेल कडक होतात. डिटर्जंट पावडरीत हे टाळणारे घटक असतात, पण तेही हार्डनेसमध्ये खर्च होतात. म्हणून पाकिटावर जड पाण्याचं वेगळं माप दिलेलं असेल तर तेच घ्या. कपडे जास्त आणि पावडर कमी, यापेक्षा कपडे कमी हे बरं.

फ्रंट लोडला आत हीटर असतो. ३०-४० अंशांवर धुतल्यास त्याला थर हळू धरतो, रोज ६० वर धुतल्यास लवकर. दोन-तीन महिन्यांनी ड्रम रिकामा ठेवून १०० ग्रॅम लिंबूसत्त्व टाकून ६० अंशांचं एक चक्र, लगेच नुसत्या पाण्याचं एक. यंत्राच्या पुस्तिकेत आम्लाला मनाई असेल तर तिचंच ऐका. पाणी हळू भरत असेल तर मशीन बिघडलं असं समजण्याआधी मागची नळी सोडवून इनलेटची जाळी पाहा. पक्कडीने सरळ ओढली की निघते. अर्धा तास लिंबूसत्त्वात, मग जुन्या टूथब्रशने. नळाच्या आणि शॉवरच्या जाळ्यांनाही हाच उपाय. मात्र क्रोमच्या भागांवर अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ नको.

डिशवॉशरमध्ये सॉफ्टनर आतच असतो, तरीही पेल्यांवर पांढरट झाक येते, कारण हार्डनेसचं सेटिंग कुणी बदललेलंच नसतं. पुस्तिकेत आकडे बहुधा जर्मन अंशांत असतात. आपल्या मिलिग्रॅमला १७.८ ने भागायचं. ३५० म्हणजे जवळजवळ २० अंश. त्यात डिशवॉशरचंच जाड मीठ घालायचं, घरातलं बारीक मीठ गुठळ्या करतं.

स्टीम इस्त्रीत आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर. कुकरच्या तळाच्या पाण्यात लिंबाची साल किंवा चिंचेचं बोटूक टाकायची जुनी सवय रसायनाच्या दृष्टीनेही बरोबर आहे, ॲल्युमिनियम काळं पडत नाही. जड पाण्यात तूरडाळ शिजत नाही तेही कॅल्शियममुळेच, ते डाळीतलं पेक्टिन घट्ट करतं. सोडा घालण्यापेक्षा डाळ आरओच्या पाण्यात भिजवून शिजवा.

सोलरमध्ये तांब्याच्या बारीक नळ्यांची सपाट पॅनल बोअरच्या पाण्यावर लवकर बुजतात. जड पाणी असेल तर काचेच्या नळ्यांची किंवा हीट एक्स्चेंजर असलेली घ्यावीत.

सॉफ्टनर

नळाला लावायचे चुंबक आणि इलेक्ट्रॉनिक पट्टे विकत घेण्याआधी एक करा: त्यातून गेलेलं पाणी थेंबांच्या किटने मोजा. आकडा तेवढाच येतो, कारण कॅल्शियम पाण्यातच असतं. पॉलिफॉस्फेटचे गोळे असलेलं छोटं काडतूस गिझरच्या किंवा मशीनच्या तोंडाशी लावलं तर थर धरणं लांबतं, पण फार गरम पाण्यात ते निकामी होतं आणि गोळे संपले की भरावे लागतात. पिण्याच्या लाईनवर ते नको.

हार्डनेस खरोखर काढतो तो रेझिनचा, म्हणजे राळेच्या बारीक मण्यांचा, सॉफ्टनर. रेझिन कॅल्शियम धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. म्हणूनच सॉफ्टनर नंतर टीडीएस कमी होत नाही, उलट किंचित वाढतो. सोसायटीच्या सभेत "टीडीएस तेवढाच आहे, यंत्र चालत नाही" यावर भांडणं होतात, ती या एका वाक्याने मिटायला हवीत.

माप काढायचं असं. रोज ५०० लिटर पाणी, ३०० हार्डनेस काढायचा, म्हणजे रोज १५० ग्रॅम. एक लिटर रेझिन व्यवहारात सुमारे ५० ग्रॅम धरतं. २५ लिटर रेझिन १२५० ग्रॅम धरेल, म्हणजे आठ दिवस. मग रीजनरेशन, म्हणजे मिठाने रेझिन पुन्हा ताजं करणं: आधी उलट्या प्रवाहाने धुणं, मग साडेतीन किलो मिठाचं दहा टक्के द्रावण, म्हणजे ३५ लिटर, हळूहळू अर्धा तास, शेवटी खारट चव जाईपर्यंत पाणी सोडणं. महिन्याला १२-१३ किलो मीठ लागतं. जाडं, स्वच्छ खडे मीठ घ्या. गुठळ्या होऊ नयेत म्हणून पावडरी मिसळलेलं बारीक मीठ नको. मिठाच्या टाकीत वर कडक साय धरली आणि खाली पोकळी राहिली, तर मीठ भरलेलं दिसतं पण द्रावण बनत नाही. काठीने ठोसून पाहा.

वरच्या मजल्यांवर अडचण दाबाची असते. टाकीपासून दहा मीटर खाली दाब एक बार. शेवटच्या मजल्यावर तो तीन-चार मीटरचाच मिळतो. एवढ्या दाबात मीठ ओढून घेणारा इंजेक्टर चालत नाही, प्रेशर पंप लागतो. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर रेझिन तांबूस होऊन निकामी होतं, आधी लोहाचा फिल्टर हवा.

शून्य हार्डनेस करू नका. असं पाणी अंगाला बुळबुळीत लागतं आणि ॲनोड रॉड लवकर खातं. बायपास, म्हणजे सॉफ्टनर टाळून जाणारी नळी, थोडा उघडा ठेवून ४०० च्या पाण्याचा पाचवा भाग तसाच मिसळला की ८० मिळतो. पिण्याचा नळ सॉफ्टनरच्या आधी काढा: १०० हार्डनेस काढला की लिटरमागे ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढतं, ३०० काढला तर सुमारे १४०. रक्तदाबासाठी मीठ कमी करायला सांगितलेल्यांच्या घरात हे विसरून चालत नाही.

सोसायटीत सॉफ्टनर असेल तर पंपाच्या खोलीत एक वही ठेवा: तारीख, मीटरचं वाचन, आधीचा हार्डनेस, नंतरचा हार्डनेस, मिठाची पोती. नंतरचा आकडा ठरल्यापेक्षा ५० ने वर गेला की त्या दिवशीच रीजनरेशन, ठरलेल्या वाराची वाट न पाहता. पाऊस सुरू होऊन टँकर थांबले की पुन्हा मोजा. मेमध्ये ४५० असलेलं मिश्रण ऑगस्टमध्ये १५० वर येऊ शकतं, आणि तेव्हा बायपास आणि डिशवॉशर दोन्हींचं सेटिंग बदलावं लागतं.